टेक तीनच्या आधी

माझ्या थोरल्या भावाला लोक थापाड्या म्हणायचे, आणि त्या लोकांत मीही होतो. तोंडावर म्हणत नव्हतो एवढंच.

दादा सॅक्सोफोन वाजवायचा. हॉटेलांत, नाचाच्या हॉलमध्ये, दोन वर्षं जहाजावर आणि मधली काही वर्षं सिनेमाच्या स्टुडिओत. पण वाजवायचा त्याच्या दुप्पट बोलायचा. जहाजावर वादळात आख्खा वाद्यवृंद बादल्या धरून बसला होता आणि हा एकटा उभा राहून वाजवत होता. एका मंत्र्यानं रस्त्यातून जाताना याचा सूर ऐकला आणि गाडी थांबवली. एका परदेशी वादकानं याला स्वतःचं वाद्य देऊ केलं आणि यानं 'माझं मला बरं' म्हणून परत केलं. अशा शंभरेक गोष्टी होत्या. दर वेळी वादळ थोडं मोठं व्हायचं आणि मंत्र्याचं खातं बदलायचं. आम्ही हसायचो, 'हो दादा, असणार' म्हणायचो आणि निम्मं सोडून द्यायचो.

त्या शंभरातली एक गोष्ट रेकॉर्डची होती.

ती रेकॉर्ड तुम्ही ऐकली असणार. नसेल ऐकली असं वाटत असेल तरी ऐकलीच असणार, कारण कॉफीच्या दुकानात, लिफ्टमध्ये, दाताच्या डॉक्टरकडे, कुठंही ती वाजते. एका सिनेमाचं जॅझ संगीत आहे ते. सिनेमा आठवड्यात आपटला. आज त्याची गोष्ट सांगा म्हटलं तर दहांतले नऊ जण डोकं खाजवतील. त्याच्या संगीताची रेकॉर्ड मात्र पन्नास वर्षं झाली तरी मरायचं नाव घेत नाही. आजोबांनी घेतलेली नातवानं पळवली, असा तिचा प्रवास. आणि सगळ्यांचा जीव ज्याच्यावर आहे तो तुकडा म्हणजे एकविसाव्या दृश्याचा. नायिका पहाटे रिकाम्या रस्त्यांवरून चालत घरी जाते. चार मिनिटं. एक शब्द नाही. नुसता सॅक्सोफोन, आणि मागं बास, ड्रम, पियानो जपून पाऊल टाकत चाललेले.

लोक विचारतात, यात एवढं काय आहे? मी आयुष्यभर सिनेमाचं संगीत कापलं आणि जोडलं, म्हणून मला विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. सिनेमाचं संगीत बहुतेक वेळा हातात घड्याळ धरून लिहितात. इथं संवाद सुरू, तिथं दार वाजतं, मध्ये एवढे सेकंद, भर खड्डा. या सिनेमाच्या दिग्दर्शकानं तसं केलं नाही. त्यानं पडद्यावर ते दृश्य लावलं आणि वादकांना सांगितलं, "तिच्याकडे बघा आणि वाजवा." कागद नाही, काही नाही. शेवटी नायिका घराचं दार आतून लावून घेते, आणि दार लागलं तिथं सॅक्सोफोन थांबतो. चाल पुरी होत नाही, अर्ध्यावर राहते. बाई आत गेली, आपण बाहेर. ज्याच्यासमोर कधी ना कधी असं दार लागलंय, तो ते पुन्हा लावतो आणि पुन्हा ऐकतो. आता असा माणूस जगात किती सापडायचा? म्हणून ती रेकॉर्ड खपते.

रेकॉर्डच्या पाकिटावर लिहिलेलं आहे: संगीत आणि सॅक्सोफोन, मास्तर. मास्तर म्हणजे तेव्हाचे मोठे वाद्यवृंदप्रमुख. सगळा धंदा त्यांना मास्तर म्हणायचा.

दादाचं म्हणणं होतं, तो सॅक्सोफोन मी वाजवलाय.

गोष्ट अशी होती. मास्तरांनी रेकॉर्डिंगच्या आदल्या आठवड्यात पुढचे दात काढून कवळी बसवली होती. कवळी नवी, हिरड्या ओल्या. सॅक्सोफोनचं तोंड दातांत धरलं की कवळी खाली आणि सूर वर. दोन टेक मास्तरांनी कसेबसे ओढले आणि दुसऱ्याच्या शेवटी कवळी वाद्यातच अडकली. मग मास्तरांनी मागच्या रांगेतल्या दादाला पुढं ढकललं. दादा त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचा. त्यानं पडद्याकडे बघत चार मिनिटं वाजवलं आणि तोच टेक सिनेमात गेला. पाकीट आधीच छापलं होतं, म्हणून नाव मास्तरांचं राहिलं.

कवळीपर्यंत ही गोष्ट आम्ही आवडीनं ऐकायचो. दादा कवळी अडकल्याची नक्कल फार झकास करायचा. त्याच्या पुढचं मी कधी नीट ऐकलंच नाही. ऐकून ऐकून पाठ झालंय असं मला वाटायचं.

सुरुवातीला दादालाही त्या नावाचं काही नव्हतं. "चार मिनिटांचं काय घेऊन बसलात," म्हणायचा. पण रेकॉर्ड मरेना. आणि मग त्याला ती जिथं तिथं भेटायला लागली. एकदा हॉटेलात कुणीतरी फर्माईश केली, म्हणून यानं तीच चाल वाजवली. गिऱ्हाईक टाळी वाजवून म्हणालं, "छान हं. पण मास्तरांची सर नाही." दादानं ते आम्हाला हसत हसत सांगितलं. त्यानंतर वर्षभरातच त्यानं हॉटेल सोडलं आणि वाद्य पेटीत घालून माळ्यावर टाकलं. कारण विचारलं तर म्हणाला, दम लागतो. खरंच लागत असेल. पुढं फुप्फुसांनीच त्याला धरलं.

हे सगळं सांगायचं कारण गेल्या वर्षीचं. ज्या कंपनीकडे त्या सिनेमाच्या संगीताचे हक्क आहेत तिथून एका मुलीचा फोन आला. तिशीची असेल, पण माझ्या लेखी मुलगीच. रेकॉर्डला पन्नास वर्षं झाली म्हणून नवी आवृत्ती काढायची होती, मूळ टेपांवरून. टेपांची जुनी मशीन होती, ती चालवणारा माणूस नव्हता.

"काका, तुमच्याइतकं कुणाला येत नाही म्हणतात."

"येणारे बाकीचे मेले म्हणून," मी म्हणालो. पण मनातून सुखावलो. निवृत्त माणसाला कुणी कामावर बोलावलं की त्याचा कणा दोन इंच वाढतो.

दादाला सांगितलं तेव्हा तो खाटेवर उशांना टेकून बसला होता. नाकात नळी, शेजारी श्वासाची मशीन गुरगुरत होती. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन महिना-दीड महिना सांगितलेला. टेपांचं ऐकलं आणि दादानं माझं मनगट धरलं.

"टेक तीनच्या आधी नाव आहे," तो म्हणाला. "माझं. ते शोध."

तो म्हणत होता ते खरं असू शकत होतं. आमच्या स्टुडिओत पद्धतच होती. प्रत्येक टेकच्या आधी माइकवर वाचायचं: दृश्य अमुक, टेक तमुक, एकटं वाद्य कुठलं आणि वाजवणारा कोण. पुढं एखादा तुकडा पुन्हा घ्यायची वेळ आली, तर त्याच माणसाला बोलवायला बरं. रेकॉर्डिस्टच ते वाचायचा. आमचा रेकॉर्डिस्ट इतका वेळेचा पक्का होता की त्याला सगळे घड्याळ म्हणायचे.

"नाव सापडलं तर छापतील का रे?" वहिनीनं दारातून विचारलं. तिच्या हातात औषधाचा चमचा तसाच होता.

मी त्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, नक्की छापू. मास्तर गेले, पण त्यांचा मुलगा हक्कदार आहे आणि पुराव्याशिवाय तो ऐकणार नाही. टेपवर नाव असेल तर मात्र कुणाचंच काही चालणार नाही. नव्या रेकॉर्डसोबत द्यायची पुस्तिका छापायला जायला तीन आठवडे होते. त्या दिवशी वाजवणाऱ्या पाच जणांपैकी दादा एकटा उरला होता, त्यामुळे दुसरा साक्षीदार आणायचा कुठून?

तर असं सगळं त्या टेपवर येऊन ठेपलं. माझ्या भावाला मरायच्या आधी त्याचं नाव हवं होतं, आणि ते शोधायचं काम माझ्याकडे होतं.

कंपनीच्या तळघरातल्या खोलीत मशीन मांडली होती. मुलीनं पाच चपटे खोके आणून ठेवले. पहिला उघडला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. झाकणाच्या आत पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'स्वच्छ', आणि खाली सही. सही माझी.

मला आठवायला वेळ लागला नाही. त्या सिनेमानंतर दहा-बारा वर्षांनी स्टुडिओत नवा व्यवस्थापक आला. नाकानं कांदे सोलणारा माणूस. त्यानं फर्मान काढलं की जुन्या सगळ्या टेपा स्वच्छ करा. म्हणजे टेकच्या आधीची बडबड, खोकणं, खुर्च्या सरकवणं, नावं वाचणं, सगळं कापून टाका आणि मध्ये पांढरी कोरी फीत जोडा. कपाटात जागा होईल, आणि कॅसेटवाल्यांना टेक पटकन सापडतील. काम माझ्याकडे आलं. दोनशेच्या वर खोके एका महिन्यात मी उरकले. सगळ्यांत जलद हात माझा, अशी तेव्हा माझी ख्याती होती. व्यवस्थापकानं पाठ थोपटली होती.

मी टेप मशीनवर चढवली. टेक एक, आधी पांढरी फीत. टेक दोन, आधी पांढरी फीत. टेक तीनच्या आधी हातभर पांढरी फीत, आणि तिच्यावर पेन्सिलीनं लिहिलेला तिनाचा आकडा. माझा तिनाचा आकडा मी कुठंही ओळखेन.

मुलगी म्हणाली, "काका, पाणी आणू का?"

मी नको म्हणालो. दोन्ही जोडांची चिकटपट्टी वाळून पिवळी झाली होती, हात लावला तर सुटली.

ते कापताना मला नाव ऐकू आलं नसेल का, असं तुम्ही विचाराल. मीही स्वतःला तेच विचारलं. नाही आलं. कापायची जागा शोधताना मोटर बंद ठेवून रीळ दोन्ही हातांनी पुढं-मागं फिरवतात. इतक्या सावकाश फिरवल्यावर माणसाचा आवाज माणसाचा राहत नाही, नुसती घरघर होते. घरघर संपली आणि सूर सुरू झाला की मेणाच्या पेन्सिलीनं खूण करायची आणि ब्लेड मारायचं. माझ्या भावाचं नाव असं घरघरत माझ्या बोटांखालून गेलं असेल आणि मी ते पायाजवळच्या टोपलीत टाकलं असेल. असेल, कारण तेही मला माहीत नव्हतं. दादा थापा मारत असला तर तिथं मास्तरांचंच नाव होतं.

मग मी ठरवलं, कानांनी ओळखू. टेक तीन लावला. अकरा वेळा लावला. मूळ टेपवर तो असा ऐकू येतो की नुसत्या सुरावरून बाईच्या चपला ओल्या आहेत हेसुद्धा कळावं. माझे कान एकेकाळी नावाजलेले होते, दोन व्हायोलिनांतलं कुठलं कुणाचं हे मी डोळे मिटून सांगायचो. आणि सख्ख्या भावाचा सॅक्सोफोन मला ओळखता येईना. कधी वाटायचं, हा दादाच. पुढच्या वेळी वाटायचं, छे, मास्तर. दादाला मी आयुष्यभर ऐकलं ते शेजारच्या खोलीतून, 'आता बंद कर रे' असं ओरडत. अकराव्या वेळी दार लागलं, सॅक्सोफोन थांबला, आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी मशीनवर डोकं टेकून बसलो.

घरी गेलो की वहिनी दारातच विचारायची, "सापडलं का हो भावोजी?" मी म्हणायचो, अजून टेपा साफ करतोय. दादा काही विचारायचा नाही. नुसता बघायचा.

चौथ्या दिवशी मी ते करायला घेतलं.

कंपनीच्या कपाटात त्याच स्टुडिओच्या इतरही टेपा होत्या, काही स्वच्छतेतून सुटलेल्या. एका विनोदी सिनेमात दादानं खरोखर सॅक्सोफोन वाजवला होता, पाकिटावर बारीक अक्षरात नावही आहे. त्याच्या टेपवर घड्याळचा आवाज जसाच्या तसा होता: "सॅक्सोफोन," आणि पुढं दादाचं पूर्ण नाव. दुसऱ्या एका सिनेमातून मी 'दृश्य एकवीस' घेतलं. तिसऱ्यातून 'टेक तीन'. त्यांच्या प्रती काढल्या, तुकडे केले, मध्ये खोलीची शांतता हवी म्हणून मूळ टेपच्याच शेपटाकडचा सेकंदभर तुकडा वापरला. शांतता सगळीकडे सारखी नसते, प्रत्येक खोलीची वेगळी असते. हे मला माहीत होतं म्हणून तर मला बोलावलं होतं! तीन दिवस डोळ्यांत तेल घालून मी ते काम केलं. जुने सगळेच जोड सुटलेले होते आणि मला सगळेच नव्यानं करायचे होते, त्यामुळे हा एक नवा कुणाच्या डोळ्यावर येणार नव्हता. टेक तीनच्या आधीची पांढरी फीत काढली आणि तिथं माझ्या भावाचं नाव बसवलं.

इतकं सफाईदार काम मी उमेदीच्या काळातही केलं नव्हतं.

मी मुद्दामच मुलीला शेजारी बसवून टेप लावली. घड्याळचा आवाज आला. दृश्य एकवीस, टेक तीन, सॅक्सोफोन, आणि नाव. पाठोपाठ पहिला सूर. मुलीनं तोंडावर हात ठेवला.

"काका, हे तुमचे...?"

"थोरला भाऊ."

ती रडायलाच लागली. म्हणाली, माझ्या आईनं मला हे ऐकवत झोपवलंय, आणि आम्ही सगळी वर्षं चुकीच्या माणसाला आशीर्वाद देत होतो. मास्तरांच्या मुलाला तिनं फोनवरच ऐकवलं. त्यानं ते पुन्हा एकदा लावायला सांगितलं आणि म्हणाला, छापा. टेकच्या आधीचं नाव रेकॉर्डवर तसंच ऐकवायचं आणि पुस्तिकेत दादाचा तरुणपणचा फोटोही घालायचा, असं ठरलं. माझा जीव भांड्यात पडला. खोटं सांगत नाही, त्या संध्याकाळी घरी जाताना मला जराही अपराधी वाटत नव्हतं. उलट वाटत होतं की जे मी कापलं ते मीच जोडून दिलं.

मुलीनं ते माझ्या फोनवर घालून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादाच्या उशाशी बसलो. वहिनी पदराला हात पुसत आली आणि खाटेच्या कडेला टेकली. मी बटण दाबलं.

दादानं डोळे मिटून ऐकलं. नाव आलं तेव्हा वहिनीच्या तोंडून हुंदका फुटला. तिनं दादाचा हात धरला, सोडला, पुन्हा धरला. "आता बोलू दे कुणाला काय बोलायचं ते," असं दोन-तीनदा म्हणाली. चाळीस वर्षं तिनं त्या गोष्टीसाठी नातेवाइकांचं हसणं सोसलं होतं. तिनं दादावर विश्वास ठेवला होता, पहिल्यापासून, कसल्याही पुराव्याशिवाय.

चार मिनिटं झाली. दार लागलं. दादानं डोळे उघडले आणि वहिनीला म्हणाला, "झालं ना तुझं समाधान? आता चहा टाक. याला दे, मला नुसता वास दे."

ती हसत, डोळे पुसत आत गेली. भांड्याचा आवाज येईपर्यंत दादा थांबला.

"घड्याळ त्या दिवशी नव्हता," तो म्हणाला.

मी फोन खिशात घातला.

"कावीळ झाली होती त्याला. ऑफिसातल्या टायपिस्ट बाईंना बसवलं होतं वाचायला. माझं नाव वाचताना अडखळल्या, मग हसल्या, मग पुन्हा वाचलं. बाईचा आवाज आहे त्या टेपवर." त्याला दम लागला. तो श्वास घेत राहिला, मी श्वासाच्या मशीनच्या काचेतला छोटा चेंडू वर-खाली होताना बघत राहिलो. "तुला शंभरदा सांगितलंय हे."

सांगितलं असणार. कवळीनंतर.

"तू कापलंस?"

"हो. स्वच्छता काढली होती तेव्हा. मला माहीत नव्हतं, दादा. हातानं फिरवताना नुसती घरघर येते."

"मग हे कुठून आणलंस?"

मी सांगितलं. कुठल्या सिनेमातून काय घेतलं ते सगळं. तो मन लावून ऐकत होता. धंद्यातला माणूस होता ना शेवटी. 'शांतता कुठली घेतलीस?' असंसुद्धा विचारलं.

"छान जोडलंयस," तो म्हणाला. "आता काढ ते."

"दादा, राहू दे ना. तुझं नाव लागतंय. तुझंच आहे ते नाव."

"ते माझं नाव नाही. तुझा हात आहे तो." पुन्हा श्वास. "लोक पन्नास वर्षं ऐकतायत रे. रोज ऐकणारे आहेत. त्यांना खोटं नको ऐकवू. त्यातली चार मिनिटं तरी खरी राहू देत."

आत वहिनी काहीतरी गुणगुणत होती. कित्येक महिन्यांनी.

"हिला सांगू नकोस एवढ्यात," दादा म्हणाला. मग माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, "तुला कधी वाटलं होतं का रे, मी वाजवलंय म्हणून?"

एक शब्द पुरला असता. तोंड उघडून हो म्हणायचं होतं, बस्स. आयुष्यात मी किती बिनकामाच्या जागी हो म्हटलंय. पण तो विचारत होता आणि ऐकायला थांबला होता, आणि माझी जीभ टाळ्याला चिकटून बसली.

"बरं," दादा म्हणाला आणि माझ्या हातावर हलकंसं थोपटलं. वहिनी चहा घेऊन आली तेव्हा तो तिला जहाजावरच्या वादळाबद्दल काहीतरी सांगायला लागला.

तो त्यानंतर सहा दिवस होता. त्या सहा दिवसांत मी रोज त्याच्याजवळ बसलो आणि एकदाही ते 'हो' म्हणालो नाही. आता म्हटलं असतं तर त्याला ती आणखी एक जोडाजोड वाटली असती. सातव्या दिवशी दुपारी, वहिनी त्याची उशी नीट करत असताना तो गेला.

पुढचे काही दिवस माणसांची ये-जा होती. जो तो वहिनीला म्हणत होता, नाव निघालं बघा अखेर. वहिनी मान ताठ करून बसायची. मला बाजूला घेऊन विचारायची, "कधी येणार हो पुस्तिका? त्यांच्या फोटोखाली नाव ठळक छापा म्हणावं."

मी कबूल करतो, राहू द्यावं असं मला वाटलं होतं. दादा गेला होता. घड्याळ मेला, टायपिस्ट बाई मेल्या, त्याच्या काविळीची आणि त्यांच्या हसण्याची माहिती असणारं जगात कुणी उरलं नव्हतं. वहिनीची ताठ मान मला दिसत होती. माझ्याशिवाय कुणालाही काही कळणार नव्हतं. दोन दिवस मी त्यावर काथ्याकूट करत बसलो.

मग एकदम मला ते दिसलं. ज्या माणसाला मी थापाड्या समजत होतो, त्याच्यासमोर मी त्याला हवी असलेली थाप तयार करून ठेवली होती. चोख, पुराव्यासकट, छापून येणारी. त्यानं काही करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. थापाड्यानं ती दोन्ही हातांनी घेतली असती. दादानं ती मोडायला सांगितली, कारण ती आवाजापासूनच चुकली होती, आणि बरोबर आवाज कुठला हे त्याला माहीत होतं. तो तिथं होता. तो पुढं उभा होता. टेक तीन त्यानंच वाजवला होता. पन्नास वर्षांनी, तो गेल्यावर, मला हे कळलं, आणि सांगायला मी धावणार कुठं?

मी कंपनीत गेलो. पुस्तिका दुसऱ्या दिवशी छापखान्यात जाणार होती. मुलीला म्हटलं, टेप काढ. तिच्यासमोर जोड सोडवला, माझा तुकडा काढला आणि कोरी पांढरी फीत बसवली. मग तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. स्वच्छतेचं, घरघरीचं, तीन सिनेमांचं, टायपिस्ट बाईंचं.

ती उभीच होती. हळूहळू तिचा चेहरा उतरत गेला. संतापली असती तर मला बरं वाटलं असतं.

"म्हणजे नाव टेपवर नव्हतंच," ती म्हणाली.

"मी कापलेल्या तुकड्यावर होतं."

"तो तुकडा तर नाही. आणि टायपिस्ट बाईंचं, रेकॉर्डिस्टच्या आजारपणाचं कुठं लिहिलेलं आहे?"

"नाही. दादा म्हणाला."

"तुम्हाला ऐकून ओळखू आलं नव्हतं."

"नाही."

तिनं पुस्तिकेच्या नमुन्यातून दादाच्या फोटोचं पान बाजूला काढून ठेवलं. फार सांभाळून, कोपरा दुमडू न देता. मास्तरांच्या मुलाला आता काय तोंड दाखवायचं, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर होता, पण तिनं तो मला विचारला नाही. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली.

"काका, रागावू नका. तुम्ही एवढं खोटं तयार केलंत, म्हणून विचारते. त्यांनी वाजवलंच नसेल, असं नाही का होऊ शकत?"

"त्यानंच वाजवलंय," मी म्हणालो.

"कशावरून?"

"त्यानं हे घेतलं नाही, यावरून. काढ म्हणाला. मरायला टेकला होता आणि म्हणाला, लोकांना खोटं नको ऐकवू. तोच होता तो. मास्तरांची कवळी वाद्यात अडकली होती, तू बघ, मास्तर त्यानंतर आठवडाभर कुठंच वाजवताना सापडणार नाहीत. माझा दादाच होता तो, पडद्याकडे बघत उभा होता..."

माझा आवाज चढला होता. हात हलत होते. कवळी कशी अडकली ते मी तिला करून दाखवत होतो. ती मला थांबवत नव्हती, नुसती बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत नुसती माया होती.

"हो काका," ती म्हणाली. "त्यांनीच वाजवलं असणार."

दादाला आम्ही सगळे असंच म्हणायचो.